सेकंडहँड कॉम्प्युटर आणि विसरलेला पासवर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वापरलेला लॅपटॉप किंवा डेस्कटॉप घेतला, चालू केला आणि त्याने पासवर्ड मागितला. विकणाऱ्याला तो आठवत नाही, किंवा त्याने सांगितलेला चालत नाही. अशा वेळी लोक आधी पासवर्ड ‘तोडायच्या’ मागे लागतात. बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. तुम्हाला मशीन हवंय, आधीच्या माणसाचं खातं नकोय. तेव्हा जुनं सगळं पुसून नव्याने बसवणं हाच सरळ रस्ता. अडतं ते एवढंच, की काही कुलपं सगळं पुसलं तरी जागच्या जागी राहतात, आणि ती काढणं आधीच्या मालकाच्याच हातात असतं. खालची उत्तरं तुमच्या स्वतःच्या मालकीच्या मशीनसाठी आहेत. हे वेगळं सांगायला नको, तरी सांगून ठेवलं.

पासवर्ड नक्की कोण मागतंय हे कसं ओळखायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तोच कुणी विचारत नाही. ‘पासवर्ड मागतोय’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण एका कॉम्प्युटरवर एकाखाली एक चार-पाच कुलपं असू शकतात.

बटण दाबल्याबरोबर, विंडोजचं चिन्ह दिसायच्या आधीच, साध्या काळ्या किंवा एकरंगी पडद्यावर छोटी चौकट आली, तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, पासवर्ड. हल्लीच्या मशीनमध्ये बायोसच्या जागी यूईएफआय असतं, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात. त्याच टप्प्यावर ‘हार्ड डिस्क’ किंवा ‘एसएसडी’ असा उल्लेख असेल, तर कुलूप डिस्कला आहे. निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, तर ते बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणारी (कीशिवाय वाचता येणार नाही अशी करणारी) विंडोजची सोय. घड्याळ, चित्र, माणसाचं नाव आणि खाली चौकट दिसली, तर तुम्ही विंडोजच्या दारापर्यंत पोचलात. हे सगळ्यात सोपं प्रकरण. आणि सगळं पुसून नव्याने सुरू केल्यावर कुणा संस्थेचं नाव किंवा आधीच्या मालकाचं ॲपल खातं समोर आलं, तर ते कुलूप मशीनमध्ये नाहीच, दूरच्या सर्व्हरवर आहे.

पडद्याचा फोटो काढून ठेवा. पुढे कुणाचीही मदत घ्यायची झाली तर पहिल्यांदा तोच मागतील.

आधी स्वतः खटपट करू की विकणाऱ्याला फोन करू?

फोन करा, आणि आजच करा. व्यवहार ताजा असतो तोवर माणूस फोन उचलतो. महिना-दोन महिन्यांनी त्याचा नंबर लागत नाही, किंवा त्याचा रस संपलेला असतो.

मात्र त्याच्याकडे पासवर्ड मागू नका. तोच पासवर्ड त्याच्या ईमेललाही असायची शक्यता मोठी, आणि तो मेसेजमध्ये पाठवणं त्याच्याही हिताचं नाही. त्याला नेमकं काम सांगा. मॅक असेल तर त्याने आपल्या आयक्लाउड खात्यात जाऊन ‘फाइंड माय’ या ॲपलच्या शोधसोयीच्या यादीतून ते मशीन काढून टाकावं. विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या उपकरणांच्या यादीतून काढावं. बायोसला पासवर्ड असेल तर समोर बसून स्वतः टाकावा आणि सेटिंगमधून रद्द करावा. पहिल्या दोन गोष्टी जगात कुठूनही पाच मिनिटांत होतात. मशीन त्याच्याकडे परत न्यावं लागत नाही.

विकणाऱ्याने पासवर्ड सांगितलाय, तरी घेत नाही. तो खोटं बोलतोय का?

लगेच तसं समजू नका. चौकटीच्या टोकाला डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून धरा आणि तुम्ही खरंच काय टाइप करताय ते बघा. कॅप्स लॉक चालू असतं. काही लहान लॅपटॉपवर नम लॉकमुळे उजव्या हाताची अक्षरं आकडे होऊन उमटतात. कोपऱ्यात भाषेचं चिन्ह दिसतं. तिथे दुसऱ्या भाषेचा कीबोर्ड निवडलेला असेल तर बरोबर कळ दाबूनही भलतंच अक्षर जातं. जुन्या कीबोर्डवर एखादी कळ मेलेलीही असते. यूएसबीचा दुसरा कीबोर्ड लावून बघा.

पिन आणि पासवर्ड यांचाही घोळ होतो. विंडोजचा पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो आणि खात्याचा पासवर्ड वेगळा असतो. ‘साइन-इन ऑप्शन्स’मधून दोन्हींपैकी हवा तो निवडता येतो. आणखी एक गोष्ट: मालकाने मधल्या काळात खात्याचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलला असेल, आणि कपाटात पडून असलेला हा लॅपटॉप तेव्हापासून इंटरनेटला जोडलाच गेला नसेल, तर याला अजून जुनाच पासवर्ड माहीत आहे. दोन्ही वापरून बघायला सांगा.

विंडोजचा पासवर्ड नुसता उडवता येत नाही का? सगळं पुसायचं कशाला?

जुन्या पद्धतीच्या लोकल, म्हणजे फक्त त्या मशीनपुरत्या, खात्याचा पासवर्ड रिकामा करणारी साधनं वर्षानुवर्षं फिरताहेत. चालतात काही ठिकाणी. पण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर त्यांना आतलं काही वाचताच येत नाही, आणि विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. शिवाय जबरदस्तीने बदललेल्या पासवर्डनंतर त्या खात्याने विंडोजच्या ईएफएस सोयीने कुलूपबंद केलेल्या फाइली आणि साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत.

पण ते बाजूला ठेवा. समजा, जमलं. हाती काय आलं? दुसऱ्याचं खातं, दुसऱ्याचे फोटो, त्याच्या ब्राउझरमधली उघडी सत्रं, आणि त्याने कुठून कुठून उतरवलेल्या प्रोग्रॅम्सचा पसारा. त्यात व्हायरस आहे की नाही हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. अशा मशीनवर स्वतःच्या बँकेचं काम मी तरी करणार नाही.

लोकल खातं असेल आणि विकणारा समोर बसला असेल, तर मात्र एक साधी गोष्ट बघा: विंडोज १० च्या २०१८ सालच्या १८०३ आवृत्तीपासून लोकल खात्याला सुरक्षा प्रश्न असतात. चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाली ‘रीसेट पासवर्ड’ दिसतं. पहिल्या शाळेचं नाव माणसाला पासवर्डपेक्षा जास्त आठवतं. आपल्या फाइली काढून घ्यायच्या असतील तर त्याला एवढं पुरतं. नंतर पुसायचंच.

मग विंडोज पुसायचं कसं? आत तर जाताच येत नाही.

आत जायची गरज नाही. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे पॉवरचं चिन्ह असतं. शिफ्टची कळ दाबून धरा आणि ‘रीस्टार्ट’ निवडा. मशीन एका निळ्या यादीवर येईल. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘रीसेट धिस पीसी’, मग ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. ‘कीप माय फाइल्स’ नको. त्या फाइली तुमच्या नाहीत. पुढे क्लाउडवरून नवं विंडोज उतरवायचं की मशीनमधलंच वापरायचं, असं विचारतं. इंटरनेट चांगलं असेल तर क्लाउड निवडा, कारण जुन्या मशीनमधली प्रत बिघडलेली असू शकते. साधारण ४ जीबी किंवा अधिक डेटा लागतो. चार्जर लावूनच बसा. ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा पर्याय निवडला तर फिरत्या हार्ड डिस्कवर कित्येक तास जातात. मध्ये बंद करू नका.

लॉगिनपर्यंतच मशीन जात नसेल तर सुरू होता होता पॉवरचं बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद करा. सुरुवात वारंवार फसतेय असं समजून विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या यादीत जातं.

रीसेट अर्ध्यात अडकतं किंवा रिकव्हरी की मागतं. आता?

पेनड्राइव्हचा रस्ता. दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून इन्स्टॉलेशन मीडिया बनवायचं साधन उतरवा. निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरचं आधीचं सगळं जातं. मग तो बंद मशीनला लावून चालू करताना बूट मेन्यूची कळ दाबत राहा. ही कळ कंपनीगणिक बदलते. एफ१२, एफ९, एफ११, एस्केप यांपैकी एखादी असते.

डिस्क निवडायच्या पडद्यावर यादीतली सगळी पार्टिशन्स (डिस्कचे पाडलेले भाग) एकेक करून काढून टाका, नुसती ‘अनॲलोकेटेड स्पेस’ उरेपर्यंत. बिटलॉकर असलं तरी हे करता येतं, कारण तुम्ही डिस्क वाचत नाही, फक्त रिकामी करताय. एक काळजी घ्या: डेस्कटॉपमध्ये दुसरी एखादी डिस्क जोडलेली असेल आणि ती तुमची स्वतःची असेल, तर तिची केबल आधी काढा. या पडद्यावर ‘चुकून दुसरीच पुसली’ला उपाय नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. त्याहून जुनं मशीन असेल तर विंडोज १० चालेल, पण त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर मी सरळ लिनक्स टाकायला सांगतो. ब्राउझर, व्हिडिओ, कागदपत्रं यासाठी ते पुरून उरतं.

पुसल्यावर विंडोजचं लायसन्स जाईल का? पुन्हा विकत घ्यावं लागेल?

सहसा नाही. विंडोज ८ पासून कंपनीतून विंडोजसह आलेल्या मशीनची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असते, आणि विंडोज १० व ११ चं डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी बांधलेलं असतं. बसवताना की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ म्हणा आणि आधी होती तीच आवृत्ती निवडा: होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. इंटरनेट मिळालं की ते आपोआप सक्रिय होतं. मदरबोर्ड बदललेला असेल, किंवा मोठ्या कंपनीच्या एकगठ्ठा लायसन्सवर ते मशीन चालत असेल, तर मात्र नाही होणार.

बिटलॉकरची ४८ आकडी की मिळवायचा काही मार्ग?

ती की पहिल्यांदा ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू झालं, त्याच्या खात्यात साठवलेली असते. कार्यालयीन मशीन असेल तर संस्थेच्या आयटी विभागाकडे. कधी छापून किंवा फाइलमध्ये ठेवलेली असते. निळ्या पडद्यावर की आयडी दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या यादीशी जुळवून योग्य की सापडते. इथून मिळाली नाही, तर ती हरवली. मायक्रोसॉफ्टलाही ती नव्याने बनवून देता येत नाही.

पण थांबा, तुम्हाला ती हवीय कशाला? की लागते आतला डेटा वाचायला. आतला डेटा आधीच्या मालकाचा. त्याला तो नको असेल तर वर सांगितल्याप्रमाणे पेनड्राइव्हवरून पुसा आणि कीचा विषय सोडून द्या.

बायोसचा पासवर्ड बॅटरी काढली की जातो ना?

डेस्कटॉपवर बरेचदा जातो. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी असते. वायर काढून ती थोडा वेळ बाहेर ठेवली, किंवा सेटिंग पुसण्यासाठी दिलेला जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) त्या बोर्डच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे हलवला, तर बायोस मूळपदावर येतं. काही बोर्डांवर पासवर्डसाठी वेगळा जंपर असतो. नंतर तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते.

लॅपटॉपवर हा सल्ला जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि तरी तो सगळीकडे दिलेला असतो. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड अशा चिपमध्ये असतो, जिला तो लक्षात ठेवायला वीज लागतच नाही. बॅटरी काढा, आठवडाभर बाहेर ठेवा, काही होणार नाही. उलट उघडताना झाकणाच्या कड्या तुटतात.

इथे दोन प्रकार ओळखा. पॉवर-ऑन पासवर्ड असेल तर मशीन पुढेच जात नाही. सुपरवायझर किंवा ॲडमिन पासवर्ड असेल तर मशीन नीट सुरू होतं, फक्त सेटिंग बदलता येत नाहीत आणि पेनड्राइव्हवरून बूट करू देत नाही. दुसऱ्या प्रकारात विंडोजच्या आतूनच, शिफ्ट आणि रीस्टार्टच्या वाटेने, पुसता येतं. बायोसला हात लावावा लागत नाही. तो पासवर्ड तसाच राहिला तरी रोजचं काम अडत नाही. अशा मशीनसाठी घासाघीस करून किंमत कमी करून घ्यावी, सोडून देऊ नये.

पॉवर-ऑनवर अडलं आणि मालकालाही आठवत नसेल, तर उत्पादकाचं सेवाकेंद्र हाच मार्ग. डेल सर्व्हिस टॅग आणि मालकीचा पुरावा बघून मदत करतं. त्यासाठी आधीच्या मालकाकडून मालकी तुमच्या नावावर करून घ्यायची सोयही आहे. लेनोव्होचं थिंकपॅडबाबतचं उत्तर कठोर आहे: सुपरवायझर पासवर्ड विसरला तर मदरबोर्ड बदला. जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलायचा खर्च मशीनच्या किमतीच्या घरात जातो, तेव्हा आधी परत करायचं बघा.

डिस्कलाच पासवर्ड आहे.

तो डिस्कमध्येच असतो, त्यामुळे ती काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी तिथेही अडते. बायोस रीसेट केल्याने काही होत नाही. स्वतःच एन्क्रिप्शन करणाऱ्या काही डिस्कच्या लेबलवर पीएसआयडी नावाची ३२ अक्षरांची ओळ छापलेली असते. ती वापरून डिस्क कारखान्यातून आली तशी करता येते, डेटा मात्र पूर्ण जातो. ती ओळ नसेल तर नवी एसएसडी बसवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क सहज बदलता येते आणि जुनं मशीन त्याने पळायलाही लागतं.

मॅकबुक घेतलंय. त्याचं काय वेगळं असतं?

बरंच. तीन कुलपं वेगवेगळी समजून घ्या.

पहिलं लॉगिनचं. ॲपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकवर पॉवरचं बटण दाबून धरा, ‘ऑप्शन्स’ येईपर्यंत. इंटेलच्या मॅकवर सुरू होताना कमांड आणि आर. रिकव्हरीत पासवर्ड मागितला आणि तो माहीत नसला, तरी नव्या मशीनवर वरच्या ‘रिकव्हरी असिस्टंट’च्या यादीतून ‘इरेझ मॅक’ निवडता येतं. फाइलव्हॉल्ट, म्हणजे मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असलं तरी पुसायला हरकत नाही.

दुसरं फर्मवेअर पासवर्डचं (मॅकचा बायोस पासवर्डच म्हणा). हे फक्त इंटेलच्या मॅकवर असतं. सुरू होताना कुलपाचं चित्र दिसतं. ते काढायला मूळ खरेदीची पावती घेऊन ॲपल स्टोअरमध्ये किंवा अधिकृत सेवाकेंद्रात जावं लागतं.

तिसरं, आणि खरं डोकं खाणारं, ॲक्टिव्हेशन लॉक. टी२ ही ॲपलची सुरक्षा चिप असलेल्या इंटेलच्या आणि ॲपल चिपच्या मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून हे आहे. ‘फाइंड माय’ चालू ठेवून कुणी मॅक विकला, तर तो कितीही वेळा पुसला तरी सुरू होताना आधीच्या मालकाचं ॲपल खातं मागतो. ही नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते. दुसऱ्या मॅकला केबलने जोडून पूर्ण रीस्टोअर केलं तरी ती जात नाही. मालकाने आयक्लाउडवरून मशीन काढणं, किंवा मूळ खरेदीचा पुरावा ॲपलला देणं, एवढेच दोन दरवाजे. तुम्ही केलेल्या सेकंडहँड खरेदीची चिठ्ठी सहसा पुरत नाही. दुकानातली मूळ पावती लागते. म्हणून मॅक घेताना ती पावती मागून घ्या, मशीन पाच वर्षं जुनं असलं तरी.

क्रोमबुकचं काय?

साइन-इनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा, पॉवरवॉश करा (म्हणजे सगळं पुसा), आपलं गूगल खातं टाका. झालं. शाळेचं किंवा कार्यालयाचं असेल तर पुढचा प्रश्न वाचा. प्रत्येक मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार याची तारीख ठरलेली असते, तीही बघून घ्या.

सगळं पुसलं, इंटरनेट जोडलं, आणि कुठल्यातरी कंपनीचं नाव आलं! हे काय?

ते मशीन एका संस्थेच्या ताफ्यातलं आहे आणि त्यांच्या यादीतून अजून निघालेलं नाही. विंडोजमध्ये ऑटोपायलट, ॲपलमध्ये ‘रिमोट मॅनेजमेंट’, क्रोमबुकमध्ये सक्तीची पुनर्नोंदणी; नावं वेगळी, प्रकार एकच. मशीनची हार्डवेअरची ओळख किंवा सिरियल नंबर त्या संस्थेच्या नावे नोंदलेला असतो. पहिल्यांदा इंटरनेट मिळालं की मशीन सर्व्हरला विचारतं, ‘मी कुणाचं?’ आणि सर्व्हर जुन्या मालकाचं नाव सांगतो. याशिवाय अनेक कार्यालयीन लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच ॲब्सोल्यूट या कंपनीचा माग काढणारा भाग असतो. तो चालू केलेला असेल तर विंडोज पुन्हा बसवलं तरी परत उभा राहतो.

इंटरनेट न जोडता सेटअप उरकायच्या युक्त्या लोक सांगतात. त्याने नोंद पुसली जात नाही. पुढच्या वेळी मशीन रीसेट केलं की तोच पडदा परत येतो, आणि तुम्ही ते पुढे विकलंत तर हीच कटकट दुसऱ्याच्या गळ्यात.

उपाय कंटाळवाणा पण पक्का आहे. संस्थेचं नाव पडद्यावर असतं. त्यांच्या आयटी विभागाला लिहा. सिरियल नंबर, पडद्याचा फोटो, कुणाकडून घेतलं ते आणि पावती जोडा, आणि ‘हे मशीन तुम्ही निकाली काढलं असेल तर कृपया यादीतून वगळा’ एवढंच म्हणा. जुनी मशीन एकगठ्ठा विकताना नोंदी काढायच्या राहून जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यांच्याकडून ‘हे आम्ही विकलेलंच नाही’ असं उत्तर आलं, तर प्रश्न पासवर्डचा उरत नाही.

लिनक्स आहे, युजरचा पासवर्ड माहीत नाही.

बूट होताना ग्रब या सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या यादीतून रिकव्हरी मोडमध्ये रूट शेल (सगळे अधिकार असलेली आज्ञांची खिडकी) मिळालं तर ‘पासडब्ल्यूडी’ या आज्ञेने बदलता येतो. साठवलेल्या पासवर्डची कीरिंग मात्र जुन्याच पासवर्डवर अडून बसते. सुरुवातीलाच डिस्कचा पासफ्रेज मागत असेल तर ते लक्स एन्क्रिप्शन; त्यापुढे काही चालत नाही. खरं सांगायचं तर लिनक्स पुन्हा बसवायला यापेक्षा कमी वेळ लागतो.

आधीच्या मालकाचे फोटो-कागदपत्रं आत आहेत. पुसायला जीव होत नाही.

पुसण्याआधी त्याला विचारा, मुदत द्या, आणि हे मेसेजमध्ये लेखी असू द्या. त्याला हवे असतील तर त्याने येऊन स्वतः लॉगिन करून घेऊन जावेत. तुम्ही उघडून, चाळून, पेनड्राइव्हवर देऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी.

घरातली व्यक्ती वारली आणि तिचा कॉम्प्युटर आमच्याकडे आला. आम्हाला मशीन नको, आतले फोटो हवेत.

इथे सगळं उलटं होतं, आणि पहिला नियम: काहीही पुसू नका, रीसेट करू नका.

मशीन विंडोजचं असेल आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर लॉगिनचा पासवर्ड आड येत नाही. डिस्क काढून यूएसबीच्या खोक्यात घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फोल्डर दिसतात. लॉगिनचा पासवर्ड हे दाराचं कुलूप आहे, भिंती कागदाच्याच असतात. एन्क्रिप्शन केलं तरच भिंती दगडी होतात. डिस्क दगडी निघाली, तर त्या व्यक्तीच्या कागदांत ४८ आकडी छापील की शोधा.

ॲपलने २०२१ पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय दिली आहे. त्या व्यक्तीने हयातीत कुणाला नेमलं असेल तर ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला देऊन आयक्लाउडमधले फोटो मिळतात. नेमलेलं नसेल तर कायदेशीर कागदपत्रांचा लांबचा रस्ता असतो. फोनही जपून ठेवा आणि त्याचं सिम चालू ठेवा, कारण खात्याचे कोड त्यावरच येतात.

‘दहा मिनिटांत कुठलाही पासवर्ड काढा’ असं सॉफ्टवेअर घ्यावं का?

नको. चांगल्यात चांगलं म्हणजे ते वर सांगितलेलं फुकटचं काम पैसे घेऊन करतं. वाईटात वाईट म्हणजे तेच मालवेअर असतं, आणि तुम्ही ते दुसऱ्या, धडधाकट कॉम्प्युटरवर उतरवता. शोधात वर येणारे ‘ग्राहक मदत’ क्रमांकही तसेच. समोरचा माणूस दूरून मशीनचा ताबा मागतो किंवा गिफ्ट कार्डने पैसे मागतो, तिथेच फोन ठेवा.

दुरुस्तीवाला बायोसची चिप नव्याने लिहून देतो म्हणाला तर ते तांत्रिकदृष्ट्या काही मॉडेलवर होतं. पण त्यात बोर्ड मरू शकतो, तेव्हा मेला तर जबाबदारी कुणाची हे आधी ठरवा. आणि जो कारागीर मालकीचा कागद न विचारता हे करतो, त्याच्या दुकानात उद्या तुमचंच चोरीला गेलेलं मशीनही उघडेल.

मशीन चोरीचं असेल अशी शंका येतेय.

विकणारा साध्या प्रश्नांनाही उत्तर देत नाही, तळाचं लेबल खरवडलेलं आहे, बायोसमधला सिरियल नंबर तळाच्या नंबराशी जुळत नाही, मॅकवर ‘हरवलेलं आहे, या नंबरवर संपर्क करा’ असा मजकूर येतो: यांतलं काही दिसलं तर खटपट थांबवा. पुसू नका. पडद्याचे फोटो, विकणाऱ्याशी झालेली बोलणी, पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवा आणि पोलिसांकडे जा. ज्या संकेतस्थळावरून घेतलं, त्यांच्याकडेही तक्रार करा. अनेकांच्या परताव्याच्या मुदती छोट्या असतात.

पुढच्या वेळी पैसे देण्याआधी काय बघू?

मशीन तुमच्या समोर पूर्ण बंद करून चालू करायला लावा. झोपवलेलं मशीन उघडून दाखवणं म्हणजे चालू करणं नव्हे. बायोसमध्ये शिरून बघा, पासवर्ड मागतो का. तिथला सिरियल नंबर तळाच्या लेबलशी ताडून घ्या. मॅक असेल तर ऑप्शन दाबून ॲपलच्या मेन्यूतून ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’ उघडा. हार्डवेअरच्या पानावर ॲक्टिव्हेशन लॉकची स्थिती लिहिलेली असते.

मग विकणाऱ्याला तिथेच रीसेट करायला सांगा आणि आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सेटअप सुरू करा. भाषा निवडायच्या पडद्यावर थांबू नका; इंटरनेट जोडून तुमचं स्वतःचं खातं टाकण्यापर्यंत जा. संस्थेचं नाव किंवा आधीच्या मालकाचं खातं यायचं असेल तर ते इथेच येतं. याला तासभर लागतो आणि विकणारा वैतागतो. वैतागू दे. पैसे त्यानंतर द्या.